तीस मिलिमीटरची नळी

३ मार्च, सोमवार

आजपासून दोन वह्या. एक प्रयोगशाळेची, आकड्यांची. दुसरी ही, माझ्या तोंडाची.

झालं असं की बाईंनी आज माझी नोंदवही चाळली आणि चार ठिकाणी लाल पेनने गोल केले. बाई म्हणजे आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख. आवाज मऊ, पण लाल पेन हातात घेतलं की समोरच्याची शाळकरी पोर होते. "नमुना ११ फुटला मेला" यातला "मेला" त्यांना नको आहे. "नमुना १४ ने ऐनवेळी घात केला" हेही नको. म्हणाल्या, ही वही समितीपुढे जायची आहे, तिथे तुझा संताप कशाला? संताप घरी लिही.

तर घरी लिहितेय. नमुना ११ मेला. नमुना १४ ने घात केला. बरं वाटलं.

समिती १८ एप्रिलला बसणार आहे. तोपर्यंत माझी नळी कोमट मिठाच्या पाण्यात वीस हजार वेळा वाकून शाबूत राहिली पाहिजे आणि तिच्यावर ठेवलेल्या जिवंत पेशी जिवंत राहिल्या पाहिजेत. तसं झालं तर प्राण्यांवरच्या चाचणीची परवानगी. नाही झालं तर काम बंद, नळी वाकवायचं यंत्र दुसऱ्या गटाला, आणि माझी दोन वर्षं कपाटात.

आणि हेही इथेच लिहून टाकते, कारण प्रयोगशाळेत अजून कुणाला सांगितलेलं नाही. ही नळी माणसात घालायची वेळ येईल तेव्हा पहिला हात माझ्या दादाचा. हे माझं ठरलेलं आहे.


७ मार्च, शुक्रवार

हात खोल कापला की आतला मज्जातंतू तुटतो आणि बोटं बधिर होतात. तुटलेली दोन टोकं एका बारीक नळीत दोन्हीकडून सरकवायची. तंतू नळीच्या आतून वाढत वाढत पलीकडे पोचतो, आणि मग नळी शरीरातच विरघळून जाते. सांगायला एवढंच. करायला गेलं की नाकी नऊ.

नळीसाठी दोन प्लास्टिकं लागतात. एक कडक, टिकाऊ, विरघळायला फार वेळ घेणारं. त्याला मी काका म्हणते. दुसरं मऊ, लवचिक, काही महिन्यांत विरघळणारं. ती मावशी. काकांमुळे नळीचं तोंड उघडं राहतं, मावशीमुळे ती वाकते. गंमत अशी की दोघांचं मुळात पटत नाही. वितळवून एकत्र केलं तरी थंड होताना काका एका कोपऱ्यात, मावशी दुसऱ्या. म्हणून मध्ये थोडंसं तिसरं प्लास्टिक घालावं लागतं, ज्याचं एक टोक काकांना धरतं आणि एक मावशीला. तो मध्यस्थ.

सध्या सत्तर भाग काका, तीस भाग मावशी. कालची नळी सहा हजाराव्या वाकणुकीला तडकली. आजची सहा हजार चारशेला. चारशेने प्रगती आहे म्हणायची.


११ मार्च, मंगळवार

डॉक्टर आले होते. हाताच्या शस्त्रक्रिया करणारे, ज्यांच्या मागणीवरून हे काम सुरू झालं ते. माझी नळी चिमटीत धरून दाबली आणि म्हणाले, कडक आहे हो. किती दिवस राहील शरीरात? मी सांगितलं, अठरा महिने. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. एवढे?

मी त्यांना समजावलं की लांब अंतर पार करायचं तर नळी मधेच बसता कामा नये, आणि तंतू सावकाश चालतो, म्हणून वेळ द्यायला हवा. ते म्हणाले, त्यांना आखूड आणि मऊ चालेल, कारण खरा उपयोग ताज्या जखमेला, सकाळी हात कापला आणि संध्याकाळी टाके घातले अशाला. हे वाक्य त्यांनी मागेही दोनदा ऐकवलंय. डॉक्टर लोकांना हातचं राखून बोलायची सवयच असते. उद्या कुणी पकडलं तर आपण आधीच सांगितलं होतं असं म्हणायला मोकळे. मी मान डोलावली आणि विषय बदलला.


१५ मार्च, शनिवार

दादाकडे जेवायला गेले होते. दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. पूर्वी घड्याळं दुरुस्त करायचा. डोळ्याला भिंग लावून बसला की घरात कुणी जोरात पाऊल टाकायचं नाही, नाहीतर एखादं चाक उडून जायचं आणि मग सगळ्यांनी जमिनीवर रांगायचं. आता तो लोकांना गाडी चालवायला शिकवतो. म्हणतो, आधी घड्याळं माझ्या हातात जिवंत व्हायची, आता माझाच जीव लोकांच्या हातात असतो.

अकरा वर्षांपूर्वी कपाटाची काच बदलत होतो आम्ही. एक बाजू त्याने धरली होती, दुसरी मी. माझा हात घामेजला होता आणि मी थांब म्हणाले नाही. म्हणायला हवं होतं. काच माझ्या बाजूने सुटली आणि त्याच्या मनगटात गेली. अंगठा आणि पहिलं बोट, दोन्हींना तेव्हापासून काही कळत नाही. बोटं हलतात, पण तिथे गरम, गार, टोचणं, काही नाही.

जेवण झाल्यावर मी मापकाटा काढला. मधेमधे मी व्रणाचं माप घेऊन बघते, खात्री असलेली बरी. दादाने नेहमीसारखा हात पुढे केला आणि म्हणाला, घ्या शिंपीकाका, बाह्या जरा सैल ठेवा. तंतूची टोकं आत आखडून किती लांब गेली असतील याचा अंदाज पुन्हा तोच, तीस मिलिमीटर. अंगठ्याला नवा फोड होता, तव्याला लागून आलेला. त्याला लागल्याचं कळलंही नव्हतं, वास आल्यावर कळलं. तो हसत सांगत होता. मला हसू आलं नाही.

वहिनी मधेच उठून स्वयंपाकघरात गेली आणि भांडी आपटत बसली. तिला व्रण वगैरे बघवत नाहीत, पहिल्यापासून हळवी आहे.


२१ मार्च, शुक्रवार

आठ हजार दोनशे. तडा नेहमीच्याच जागी, बरोबर मध्यावर.

पेशींची तक्रार नाही म्हणे. पेशी सांभाळणारी आमची सहकारी, जिला मी मनातल्या मनात शिस्त म्हणते, तिने आज मला सूक्ष्मदर्शकातून दाखवलं. पेशी नळीवर ऐसपैस पसरल्या होत्या, सुट्टीला आल्यासारख्या. म्हणजे विषारी काही नाही. फक्त फुटते. मी शिस्तीला म्हटलं, थोडा मध्यस्थ वाढवून बघते, काका-मावशीला घट्ट बांधून ठेवते. ती म्हणाली, बघा, पण मला नमुना स्वच्छ धुऊन द्या. आम्ही काय तिला अंघोळ न करता येणारे वाटलो की काय.


२५ मार्च, मंगळवार

मध्यस्थ वाढवला. तो बाहेर पाझरला. नळीला घाम फुटल्यासारखा चिकट थर आला आणि शिस्तीच्या पेशी दोन दिवसांत मेल्या. तिने काही न बोलता मला रिकामी बशी दाखवली. ती बोलली असती तर परवडलं असतं.


२६ मार्च, बुधवार

वीस हजार! एकही तडा नाही. मी प्रयोगशाळेत नाचले, अगदी शब्दशः, आणि बाईंनी दारातून बघितलं.

तासाभराने नळी काढायला गेले तर यंत्राचा चिमटा सैल. नळी वाकतच नव्हती, दिवसभर नुसती झोके घेत होती. शिस्त तिथेच उभी होती. एक मिनिट मोह झाला, खोटं कशाला बोलू. मग नोंदवहीत लिहिलं: चिमटा सैल, चाचणी रद्द. "मेला" लिहिलं नाही.


३१ मार्च, सोमवार

भिंत जाड केली. नऊ हजार. भिंत पातळ केली. पाच हजार. वितळवण्याचं तापमान उतरवलं. काका नीट वितळलेच नाहीत, नळीत खडे. अठरा दिवस उरले. सोडणार नाही. हवं तर मला यंत्रात लावा आणि वीस हजार वेळा वाकवा.


२ एप्रिल, बुधवार

बाईंनी आज खुर्ची ओढली आणि माझ्या शेजारी बसल्या. त्या बसल्या की भीती वाटते, कारण त्या उभ्या असतात तेव्हा रागावतात आणि बसतात तेव्हा विचारतात.

म्हणाल्या, मावशी वाढव. अर्ध्याहून जास्त कर, फुटणार नाही. मी म्हटलं, मग ती सहा-आठ महिन्यांत विरघळेल आणि तीस मिलिमीटरला मधेच दबेल, त्यापेक्षा कडकच बरी. त्यांनी विचारलं, तीस कुणी मागितले? मी म्हटलं, डॉक्टरांनी. अठरा महिने कुणी मागितले? डॉक्टरांनी. म्हणाल्या, दाखव.

मी कपाटातून फाइल काढली. डॉक्टरांचं मूळ पत्र, दोन पानी. मी ते वाचलेलं आहे, शंभरदा. निदान मला तसं वाटत होतं. पत्रात लिहिलंय: ताज्या जखमा, अंतर पंधरा मिलिमीटरपर्यंत, सहा ते आठ महिन्यांत विरघळावी, मनगटाबरोबर सहज वाकावी. तीस कुठेही नाही. अठरा महिने कुठेही नाहीत.

मग मी माझी पहिली नोंदवही उघडली. दोन वर्षांपूर्वीचं पहिलं पान. माझ्याच अक्षरात: लांबी ३०. टिकाऊपणा १८ महिने. त्यापुढे "कारण" असं लिहून जागा कोरी. प्रत्येक आकड्यासमोर कारण लिहायचं हा बाईंचा नियम, आणि मी तो फक्त तिथेच मोडला होता.

काम मिळालं त्या आठवड्यात मी दादाच्या जेवणाच्या टेबलावर ते माप घेतलं होतं. दोन वर्षं मी डॉक्टरांच्या रुग्णांसाठी नळी करतच नव्हते. जी फुटत होती ती एकट्या दादाची नळी होती.

बाईंनी लाल पेन काढलं नाही. फक्त विचारलं, कुणाचा हात? मी सांगितलं. काचेसकट सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, उद्या डॉक्टरांना जाऊन भेट. नळीबद्दल नको विचारूस. हाताबद्दल विचार.


३ एप्रिल, गुरुवार

विचारलं. दोन वर्षांत पहिल्यांदा, सरळ. अकरा वर्षं जुनी जखम असेल तर?

डॉक्टरांनी चष्मा काढला. त्यांनी मला झटकलं नाही आणि उगाच धीरही दिला नाही. म्हणाले, "पहिल्या वर्ष-दीड वर्षात जोडलं तर आशा असते. इतक्या वर्षांनी आम्ही तंतू बोटापर्यंत पोचवला तरी कातडीतली त्याची टोकं सुकून गेलेली असतात. तिथे त्याला घ्यायला कुणी उरलेलं नसतं."

मी विचारलं, नळी कितीही चांगली केली तरी? म्हणाले, कितीही.

बाहेर येऊन जिन्यात बसले. लोक माझ्या बाजूने वरखाली जात होते. रडले, मग रडण्याचा राग आला, मग पुन्हा रडले. त्यांनी तीनदा सांगितलं होतं. ताजी जखम, ताजी जखम. मी ऐकलं नाही, कारण मला ऐकायचंच नव्हतं.


५ एप्रिल, शनिवार

दादाला सांगायला गेले. वाटेत चार प्रकारे वाक्यं जुळवली आणि दारात पोचेपर्यंत चारही विसरले. तो खिडकीपाशी बसून आपल्या शिकाऊ लोकांच्या वेळा लिहीत होता, डाव्या हाताने. मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं, की नळी होईल, पण तुझ्या हाताला तिचा उपयोग नाही. कधीच होणार नव्हता. मी तुला उगाच आशेला लावलं.

त्याने पेन ठेवलं. "मला माहीत आहे गं."

"कधीपासून?"

"काच लागली त्याच्या दुसऱ्या वर्षापासून. दोन डॉक्टरांनी सांगितलं होतं."

माझं डोकंच फिरलं. दोन वर्षं मी मापं घेतेय, हा हात पुढे करतोय, शिंपीकाका म्हणून माझी थट्टा करतोय आणि याला माहीत आहे. मी ओरडले. बरंच ओरडले. शेजाऱ्यांनी खिडकी लावून घेतली. माप घेऊ कशाला दिलंस, असं विचारलं.

तो म्हणाला, "काच पडली त्यानंतर नऊ वर्षं तू माझ्या हाताकडे बघितलं नाहीस. मी ताट पुढे केलं तरी तू भिंतीकडे बघायचीस. यायचीस, पाचव्या मिनिटाला निघायचीस. आणि मग एक दिवस आलीस, माझा हात ओढून टेबलावर ठेवलास आणि व्रणावर बोट फिरवलंस. मी काय सांगणार होतो तेव्हा तुला? की उपयोग नाही, जा घरी?"



वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. म्हणाली, मी याला पन्नासदा सांगितलं की तिला खरं सांग, ती तिकडे जिवाचं रान करतेय, पण हा ऐकेल तर शपथ. मी तिला हळवी समजत होते. ती रागावून उठायची, माझ्यासाठी.

मग मला जे बोलायचं होतं ते बोलले. अकरा वर्षांत पहिल्यांदा. माझा हात घामेजला होता, मी थांब म्हणायला हवं होतं, मी म्हणाले नाही. दादा म्हणाला, माझाही घामेजला होता. मी मोठा होतो, मी म्हणायला हवं होतं. यावर आम्ही चक्क भांडलो, की चूक कुणाची जास्त. शेवटी वहिनीने दोघांनाही गप्प बसवलं आणि जेवायला वाढलं.


७ एप्रिल, सोमवार

अकरा दिवस. कंबर कसली आहे.

लांबी पंधरा. काका चाळीस, मावशी साठ, मध्यस्थ जेवढ्यास तेवढा. प्रत्येक आकड्यासमोर कारण लिहिलं. विरघळण्याचे आकडे हवे होते, ते अकरा दिवसांत मिळणं शक्यच नाही, आणि ते माझ्याच जुन्या वहीत सापडले. चाळीस-साठचं हेच मिश्रण मी दोन वर्षांपूर्वी केलं होतं, कोमट पाण्यात ठेवून महिनोन् महिने मोजलं होतं, सात महिन्यांत ते विरघळलं होतं. खाली माझा शेरा: "पुरणार नाही, रद्द." कुणाला पुरणार नाही ते लिहिलेलं नव्हतं.

स्वतःच्या कानाखाली मारावीशी वाटली. पण त्यासाठी वेळ नाही.


१० एप्रिल, गुरुवार

वीस हजार. चिमटा तीनदा तपासला, शिस्तीकडून चौथ्यांदा तपासून घेतला. तडा नाही. मी यंत्र बंद केलं नाही. एकतीस हजारांना बाईंनी येऊन बंद केलं, म्हणाल्या, पुरे, मोटर जळेल.

नाचले नाही. खुर्चीत बसले आणि नोंदवहीत आकडा लिहिला.


१४ एप्रिल, सोमवार

शिस्तीने बशी दाखवली. भरलेली. पेशी नळीच्या आतल्या बाजूनेही चढल्या आहेत. तिने स्वतःहून सांगितलं, नमुना स्वच्छ धुतलेला होता. तिच्याकडून हे म्हणजे हारतुरेच.


१८ एप्रिल, शुक्रवार

समितीत सातजण होते. सहा जणांनी आकडे विचारले, आकडे माझ्याकडे होते. सातव्या एक निवृत्त शिक्षिका, विज्ञानाबाहेरच्या म्हणून घेतलेल्या. त्यांनी माझी पहिली वही उलटसुलट करून बघितली होती, आणि त्यांनी विचारलं की पहिली दोन वर्षं तीस मिलिमीटर आणि नंतर एकदम पंधरा, हे कसं?

बाई शेजारी बसल्या होत्या. काहीतरी गुळगुळीत उत्तर देता आलं असतं. मी खरं ते सांगितलं. म्हटलं, तीस हे माझ्या भावाच्या हाताचं माप होतं. त्याची जखम जुनी आहे, त्याला या नळीचा उपयोग होणार नाही. हे मान्य करायला मला दोन वर्षं लागली आणि तेवढा वेळ या कामाचा वाया गेला. पंधरा हे ज्याचा हात आज कापला जाईल त्याचं माप आहे.

शिक्षिकाबाईंनी वही मिटली आणि मला म्हणाल्या, बसा.

परवानगी मिळाली. डॉक्टरांनी बाहेर आल्यावर हात मिळवला, दोन्ही हातांनी. बाई म्हणाल्या, सोमवारी वेळेवर ये.


१९ एप्रिल, शनिवार

दादाकडे गेले. मापकाटा नेला नाही. एक नळी नेली, समितीला दाखवलेल्यांपैकी, झाकणाच्या डबीत.

दादाने टेबल पुसलं आणि खाली पांढरा कागद पसरला. बारीक काम पुढ्यात आलं की तो तसंच करतो. नळी अगदी छोटी, दुधी रंगाची, तांदळाच्या दोन दाण्यांएवढी. त्याने आधी नुसती बघितली. आतून आरपार दिसतं का ते बघितलं. विचारलं, सात महिन्यांनी खरंच काही उरत नाही? मी म्हटलं, काही नाही.

मग त्याने ती उजव्या हाताने उचलायला घेतली. मी डावा पुढे कर म्हणणार होते, पण म्हटलं नाही. अंगठा आणि पहिलं बोट, तीच दोन. पहिल्यांदा निसटली, दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा त्याने हात सावकाश वर उचलला. उजेड डोळ्यांवर येत होता, त्याला स्वतःला नीट दिसत नव्हतं, आणि बोटांना काही कळत नव्हतं.

"धरलीय का मी?" त्याने विचारलं.

मी त्याच्या हाताकडे बघत होते. "हो," म्हटलं. "धरलीयेस."